आधी माती, मग कागद

१४ जुलै, सोमवार

दाढी अर्धी झालेली, तोंडाला साबण, आणि सरपंच बालाजी दारात. बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "जमादार, पेढे काढा. तुमची चौकी वापस आणून राहिलो गावात!"

गावाला विकासनिधी मिळण्यासारखा आहे. पुरेल एकाच कामाला. त्यात पोलीस मदत केंद्र बांधायचं, वर कॅमेरे. जागा कुठली? तालमीची. "पडकीच हाये ती. कुत्रे झोपतात तिथं." पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव. सूचक तो, अनुमोदक मी. जन्म पोलिसात गेला, तेव्हा माझ्या शब्दाला वजन.

म्हटलं, साबण वाळतोय, नंतर बोलू.

सौ. आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "आनंद झाला का दुख झालं तेवढं सांगा, म्हंजे साखर किती टाकायची ते कळंल." मी उरलेली दाढी करायला बसलो. चहा फिकाच आला.

१५ जुलै, मंगळवार

तालीम पाहून आलो. किल्ली गफूर वस्तादांकडे, गळ्यात दोऱ्याला बांधलेली. ऐंशीला टेकले, गुडघे गेले, मुलं जवळा बाजारला गाद्यांचं दुकान चालवतात, पण पिंजारी गल्लीतून रोज संध्याकाळी म्हातारा तालमीच्या ओट्यावर येऊन बसतो. कुलूप काढत नाही. नुसता बसतो.

आज काढलं. आत पाय टाकला आणि तो वास आला. तेल, ताक, हळद, कापूर मुरलेली लाल माती. किती वर्षं झाली असतील. डोळे भरले, उगाच धुळीवर ढकललं.

मी इथे बदलून आलो तेव्हा कागदावर 'पोलीस दूरक्षेत्र' असा भारदस्त शब्द होता. मनात म्हटलं, इमारत असेल, एखादा शिपाई हाताखाली असेल. निघालं काय? तालमीचा ओटा, त्यावर एक टेबल, एक खुर्ची. शिपाई मी, जमादार मी, झाडूवालाही मीच. पावसात टेबल आत ओढायचं. पोरं हौदात कुस्ती खेळतायत आणि मी कोपऱ्यात पंचनामा लिहितोय, कागदावर मातीचे शिंतोडे. वरिष्ठ विचारायचे, हे डाग कसले? सांगायचो, हद्दीतली माती आहे साहेब.

आणि वस्तादांचा तो कायदा. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, कोंबडीवरून, कशावरूनही दोघं भांडत ओट्यावर आले की वस्ताद आतून फावडं घेऊन यायचे. "पयले मिट्टी, बाद में कागज." दोघांनी मिळून सगळा हौद उकरायचा. एक उकरणार, दुसरा ढेकळं फोडणार, मग उलट. त्याशिवाय जमादार कागदाला हात लावणार नाही. सुरुवातीला मला राग यायचा, तपास अधिकारी मी की हे? पुढे पाहिलं, हौद अर्धा होईतो दोघांची छाती भात्यासारखी हलायची, शिव्या द्यायला दमच उरायचा नाही. शेवटी एकाच घागरीतलं पाणी पिऊन घरी. गावात म्हणच— म्हण नव्हे, नियमच होता तो. आधी माती, मग कागद.

पण चोरी, डोकं फोडणं, बाईमाणसावर हात टाकणं, याला माती नव्हती. सरळ ठाणं. हेही वस्तादांनीच ठरवलेलं.

वस्तादांना बालाजीचा बेत सांगितला नाही. त्यांनीच विचारलं, "सरपंच नापने का फीता लेके कायको घूम रहा था, जमादार?"

१६ जुलै

रात्रभर जुनंच आठवत होतं. एकदा साहेबांनी बोलावून झापलं होतं, "तुझ्या बीटात गुन्हेच कसे नाहीत? झोपा काढतोस?" गुन्हे नाहीत तर माणूस कशाला, म्हणून मला उचलून ठाण्यात घेतलं. टेबल-खुर्चीसुद्धा टेम्पोत घालून नेली. ओटा रिकामा. मग संध्याकाळी आयाबाया पोरांना तालमीत धाडेनात, जमादार नाही तर लक्ष कोण ठेवणार? हळूहळू पोरं पुण्याला गेली, राहिली ती मोबाइलात गेली. तालमीमुळे भांडणं नव्हती, भांडणं नाहीत म्हणून चौकी गेली, चौकी गेली म्हणून तालीम गेली. आणि आता भांडणं वाढली म्हणून तालीम पाडून चौकी!

हे साहेबी डोक्याचं गणित मला नोकरीत असतानाही सुटलं नाही.

१९ जुलै, शनिवार

शीतलचा फोन. आमची लेक, पोलीस शिपाई, वर्दी चढवून काही वर्षं झाली तरी फोनवर पहिला प्रश्न अजून "आई काय करते?" हाच. वारंगा फाट्यावर दिवसभर नाकाबंदी करून आली होती. मागे टप टप आवाज. म्हटलं, नळ बंद कर.

"नळ न्हाई बाबा, छत हाय. पलंगावर पातेलं ठेवलंय."

पोलीस लाइनीतली खोली. माझ्या वेळीही लाइनीतल्या खोल्या गळायच्या. तेव्हा सौ. पातेलं ठेवायची, आता लेक ठेवते. प्रगती म्हणायची तर पातेलं स्टीलचं झालं.

चौकीचं सांगितलं. हसली. "बांधा की. आत बसवणार कुणाला? आहेत त्यांनाच साप्ताहिक सुट्टी मिळून न्हाई राहिली."

मी खूश. म्हटलं, म्हणजे चौकी नको, हेच ना?

"तसं कुठं म्हटलं? एखादी बाई रडत रडत ठाण्यापर्यंत येते ना बाबा, तवर तिचं अर्धं बळ एसटीतच सरतं. गावात एक बाई शिपाई आठवड्यातून एकदा जरी बसली तर लई फरक पडंल. तुमच्या काळचं सोडा."

बापाच्या बाजूने बोलेल ती लेक कसली. पण बोलली ते खरं.

२३ जुलै, बुधवार

दुपारी मुक्ताबाई आल्या. शाळेमागे शिलाईचं मशीन चालवतात, नवरा वारला तेव्हापासून एकटीच्या बळावर पोरगी शिकवतायत. पोरगी पूजा, अकरावीला, एसटीने जवळा बाजारच्या कॉलेजला. आठवडाभर घरीच बसून आहे. स्टँडवर मोटारसायकली घेऊन टोळकं उभं असतं, गाडी आडवी घालतात, नाव घेऊन हाका मारतात. संध्याकाळच्या गाडीला अंधार, खांबावर दिवा नाही.

"जमादार भाऊ, तुमी चौकीला आडवे येऊन राहिले म्हणं?"

म्हटलं, आडवा नाही, पण तालीम होती तेव्हा असली टोळकी नव्हती. पोरं मातीत रग जिरवायची.

बाई ताडकन म्हणाल्या, "तालीम तालीम करून राहिले तुमी. तिच्या दारात कोण्या बाईनं पाय तरी ठेवला व्हता का कधी? पोरांची रग जिरायची, आन् पोरींनी काय करायचं, घरी बसायचं?"

सांगायला गेलो, आमची शीतल तिथल्याच पटांगणात धावून भरती झाली.

"ती जमादाराची व्हती. तुमी खुर्ची टाकून बसत व्हते. माझ्या पूजासाठी कोण बसनार?"

सौ.ने मुक्ताबाईंना दोन चमचे साखर घालून चहा दिला. मला फिका. हल्ली तिचा निकाल चहातच लागतो.

खरंच, शीतल धावायची तेव्हा मी ओट्यावरून मान वर करून बघायचो, आणि मला वाटायचं गाव किती चांगलं आहे.

२९ जुलै, नागपंचमी

आजच्या दिवशी माती उकरायची नसते, म्हणून तालमीत ती आदल्या दिवशीच उकरून ठेवायचा रिवाज. काल वस्तादांनी एकट्याने उकरली. आज हाताला फोड. म्हटलं, मला हाक मारायची. "तुमकू कमर का दर्द है ना." माझ्या कमरेची काळजी हे करणार!

पूर्वी आज तालमीत पाय ठेवायला जागा नसायची. ओल्या मातीवर हळद-कुंकू, दूध, फुलं, कडेने लेझमी मांडलेल्या. नारळ गावातल्या कुण्या पोराने फोडायचा आणि पहिला तुकडा वस्तादांना. हीच लेझीम गणपतीत पुढे असायची आणि मोहरमात सवारीपुढेही. चाल तेवढी वेगळी.

आज मी, वस्ताद, आणि उशिरा चपला काढून आत आला तो बालाजी. लहान होता तेव्हा कानात माती गेली की भोकाड पसरायचा. वस्ताद त्याला उलटा धरून हलवायचे. आज वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला. मग उभा राहून डोळ्यांनी भिंतींचं माप घेतलं.

वस्ताद त्याच्याकडे बघून म्हणाले, "बेटा, कान में मिट्टी गई क्या?" बालाजी हसला, पण कान लाल झाले.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज दत्ता. बालाजीचा विरोधक, दुसऱ्या गणपती मंडळाचा अध्यक्ष. आमचं 'एक गाव एक गणपती' होतं ते मोडलं ते या दोघांपायी. गेल्या साली विसर्जनाला स्टँडवर दोन्ही डीजे समोरासमोर आले, आधी कोण जाणार यावरून जुंपली, डोकी फुटली. दोन्हीकडून केसेस. तारखा चालू आहेत. त्याच दिवसापासून गाव चौकी मागतंय.

"तुमी सभेत विरोध करा, आमी समदे तुमच्या मागं हाओत."

"तालमीसाठी?"

"तालमीचं मला काय घेनं? बालाजीच्या नावाची पाटी नको गावात."

निदान खोटं बोलला नाही. दोघं एकाच हौदात लोळून मोठे झाले. दत्ता ढाकेचा डाव टाकायचा, बालाजी दर वेळी फसायचा, आणि रात्री एकाच ताटात जेवायचे. गेल्या साली त्यांना फावडं द्यायला कुणी नव्हतं. तालमीला कुलूप होतं.

चहा न पिता गेला. सौ. म्हणे, बरं झालं, दूध वाचलं.

१४ ऑगस्ट

उद्या काय बोलायचं ते ठरेना. आरशासमोर उभं राहून बोलून पाहिलं. सौ. म्हणाली, "मिशी चांगली दिसते, बोलनं गुळमुळीत हाय."

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडा झाला, जिलेबी झाली, ग्रामसभा झाली. आजच लिहून ठेवतो.

शाळेच्या व्हरांड्यात सभा. बालाजीने ठराव वाचला, टाळ्या. माझ्याकडे बघून मान हलवली. मी उठायच्या आधी मुक्ताबाई उठल्या. बायांच्या घोळक्यातून एकट्या. ग्रामसभेत बाईला पहिल्यांदाच बोलताना पाहिलं मी, एवढ्या वर्षांत. म्हणाल्या, "चौकी म्हंजे भिंती नको. स्टँडवर दिवा पाह्यजे, बाई पोलीस पाह्यजे, आन् माझी पोरगी ज्या रस्त्यानं जाते त्या रस्त्यावर कोनाची तरी नजर पाह्यजे." खाली बसल्या. पदराने तोंड पुसलं.

मग मी. तयार केलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हटलं, की मी इथे खुर्ची टाकून बसलो ती तालमीच्या ओट्यावर. आत माती होती म्हणून माझी खुर्ची चालली, आणि बाहेर खुर्ची होती म्हणून तालीम चालली. एकीला पाडून दुसरी उभी करू नका. तालमीच्याच पुढच्या खोलीत पोलिसांचं टेबल, बाजाराच्या दिवशी बाई शिपाई. मागे हौद तसाच. सकाळी पटांगण पोरींचं, संध्याकाळी पोरांचं. स्टँडवर दिवा आणि एक कॅमेरा. आणि पोलिसांना टेबल देताना त्यांच्या डोक्यावरच्या छताचाही विचार करा म्हणून वर लिहा, माझी लेक पातेलं घेऊन झोपते. यावर लोक हसले. मला हसू आलं नाही.

ग्रामसेवक म्हणाले, "एका निधीत दोन कामं बसत नाहीत." दत्ता ओरडला, बसवा! बालाजीला वाटलं दत्ता आपल्या विरोधात आहे, मग वाटलं बाजूने आहे, गोंधळून तोही म्हणाला, बसवा! हात वर झाले. दोन्ही कामं एकत्र करून प्रस्ताव वर जाणार.

वस्ताद दारापाशी बसून होते. कमी ऐकू येतं. मला विचारलं, "तालीम रह गई?" म्हटलं, राहिली. म्हाताऱ्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

फार दिवसांनी चहा गोड मिळाला.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काय लिहू. रागाने पेन दाबून कागद फाटतोय.

चार दिवस नातलगाकडे लग्नाची बोलणी म्हणून कळमनुरीला होतो. आज आलो, स्टँडवर उतरलो, पाय लाल चिखलात. नेहमी तळं साचतं त्या खड्ड्यात भर टाकलेली. लाल. वाकून हातात घेतली. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला.

तसाच तालमीत गेलो. हौद नाही. हौद होता तिथे फरशी. पांढरी, गुळगुळीत, त्यावर गुलाबी फुलांची नक्षी.

बालाजी हौसेने सांगत होता. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणे, तवर निदान मागची खोली तरी 'तयार' दिसावी, म्हणून ग्रामपंचायतीतून काम उरकलं. "पोरी येनार ना जमादार, त्यांचे पाय कशाला भरायचे? शहरात गादीवरच असती कुस्ती. आन् माती वाया न्हाई जाऊ दिली, स्टँडचा खड्डा भरला. एका दगडात दोन कामं!"

त्याच्या चेहऱ्यावर खोट नव्हती, हे जास्त वाईट. याच मातीत वाढलेलं पोरगं आणि त्याला वाटलं माती म्हणजे घाण. मी बोललो ते इथे लिहीत नाही. सौ.ही ही वही वाचते.

२२ ऑगस्ट, पोळा

सगळीकडे बैल सजलेले, वाजंत्री. वस्ताद घरीच. मी गेलो तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. उठायला लागलो तेव्हा गळ्यातला दोरा काढला, किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"अब इसका मैं क्या करूं, जमादार."

मलाही ठेववेना. तालमीच्या ओट्यावरच्या भिंतीत खिळा ठोकला, त्याला अडकवली. चोरायला आत आहे तरी काय? फुलाफुलांची फरशी.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

दोन मंडळं, दोन मांडव, दोन भोंगे. एकीकडची आरती दुसरीकडे ऐकू जाऊ नये म्हणून आवाज वाढवून राहिलेत. गणपतीला बरे दोन कान मोठे दिलेत.

शीतलला सुट्टी नाही. तिचा मोदक सौ.ने वेगळा काढून ठेवला आणि संध्याकाळी मलाच खायला लावला.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

जसं झालं तसं लिहितो.

ठाण्याची माणसं मोठ्या गावांत वाटली गेलेली. आमच्या वाट्याला एक तरुण हवालदार आणि होमगार्ड. दुपारी चारच्या सुमारास दोन्ही मिरवणुका स्टँडवर पोचल्या. इकडून बालाजी पांढऱ्या कपड्यांत, तिकडून दत्ता फेटा बांधून. काल पाऊस झालेला, स्टँडवर लाल चिखल, सगळ्यांचे पाय नडगीपर्यंत रंगलेले. डीजे समोरासमोर. छातीत दणके बसत होते. मागची पोरं पुढे सरकायला लागली. हवालदाराने शिट्टी वाजवली, ती त्याची त्यालाच ऐकू आली नसेल. मी मध्ये जाऊन उभा राहिलो. निवृत्त माणसाला कोण विचारतो?

तेवढ्यात पिंजारी गल्लीतून वस्ताद येताना दिसले. खांद्यावर फावडं. एक पाय ओढत, थांबत. वाट देत गेले लोक. म्हातारा दोन्ही डीजेंच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि पायाखाली बघू लागला. खाली माती. त्यांची.

आधी एक डीजे बंद झाला, मग दुसरा. कुणी सांगितलं नाही.

"बालाजी. दत्ता. पयले मिट्टी."

कुणीतरी हसलं. बालाजीच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्याने वाकून चिखलाकडे पाहिलं, आणि मला वाटतं तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की आपण काय टाकलंय इथे. बाह्या वर केल्या, फावडं घेतलं.

दत्ता हलेना. "आमची केस चालू हाये, वस्ताद. कोर्टात."

"चलने दे की. कागज को ना कौन बोला? पयले मिट्टी."

दत्ताने बालाजीच्या हातातल्या फावड्याकडे पाहिलं. मग फेटा काढून पोराच्या हातात दिला आणि शेजारच्या दुकानातून घमेलं आणलं. एक भरतोय, एक वाहतोय, तालमीच्या ओट्यावर ढीग. मग उलट. मागची पोरं आधी मोबाइलवर शूटिंग करत होती, मग काही जण हात घालायला लागली. मातीत खडी, पाऊच, प्लॅस्टिक. सगळी आली नाही, येणारही नाही. चाकांनी बरीच नेली.

गळाभेट वगैरे काही झालं नाही. दोघं दमले, एकाच घागरीतून पाणी प्याले, एकमेकांकडे न बघता. मग मिरवणुका गेल्या. आधी कुणाची गेली ते बघायचं राहूनच गेलं.

तरुण हवालदार मला म्हणाला, "मामा, हे कोणत्या नियमात बसतं?" म्हटलं, बसत नाही, म्हणूनच तर चौकी गेली.

डोळे पुसत होतो तर मागून मुक्ताबाई. हाताची घडी घालून सगळं पाहत उभ्या होत्या. "चांगलं झालं भाऊ. पन माझा दिवा कवा लागनार?"

१० सप्टेंबर, बुधवार

प्रस्ताव परत आला. एकच काम निवडून पाठवा. दोन ऑक्टोबरच्या सभेत पुन्हा ठराव.

बालाजी खाली मान घालून सांगत होता. वर विचारलंय, जागेची सध्याची स्थिती काय? फरशी असलेली तयार खोली, असं लिहिलं तर सरळ चौकी बसते. "माती असती तर तालीम म्हनून लिहिता आलं असतं, जमादार." मग म्हणाला, "पन फरशी सरकारी पैशाची. काढायची म्हटलं तर मीच आत जाईन."

ओट्यावर माती ताडपत्रीखाली. वस्ताद पुन्हा संध्याकाळी येऊन बसायला लागलेत, ढिगाशेजारी. त्यातली खडी वेचतात.

हात कशाला वर करायचा ते मला कळत नाहीये. स्टँडवर खांब आला, दिवा नाही.

११ सप्टेंबर

मुक्ताबाईंना जाऊन सांगितलं, चौकी होवो न होवो, सकाळी मी पटांगणावर बसतो. पूजाला पाठवा. त्यांनी मशीन थांबवलं नाही. "किती दिवस बसनार?" म्हटलं, गुडघे चालतात तवर. कापड पुढे सरकवत म्हणाल्या, "खुर्ची घेऊन जा. दगडावर बसू नका."

१४ सप्टेंबर, रविवार

आजचा तिसरा दिवस. खुर्ची सौ.ची, स्वयंपाकघरातली. पूजा आणि तिच्या दोन मैत्रिणी. पहिल्या दिवशी ओढण्या सांभाळत धावत होत्या, आज ओढण्या माझ्या खुर्चीवर. शीतलची आठवण आली. फोन करून सांगितलं तर म्हणे, "बाबा, वेळ लावता का घड्याळात?" लावत नाही. नुसता बघतो.

उजाडता उजाडता ओट्यापाशी आलो तेव्हा खिळ्यावर किल्ली नव्हती. दार आतून बंद. ताडपत्री बाजूला, ढीग कमी झालेला. आणि आतून आवाज. खण्, खण्. थांबून पुन्हा. फरशीवर पहार बसल्याचा आवाज, मला ओळखू येतो. एकाचा नव्हता. दोन पहारी होत्या, आलटून पालटून.

सरकारी मालमत्तेची नासधूस. नोकरीत असतो तर दार ठोठावून नावं विचारली असती. बालाजी असेल? तो कसा करेल, त्याचीच गचांडी धरतील. दत्ता? वस्तादांच्या हातात तर पहार पेलत नाही. विचारलं नाही.

पूजा धावत येऊन थांबली, धापा टाकत. "काका, आत कोन हाये?"

म्हटलं, दुरुस्ती चालू आहे. तू पळ.

ती गेली. समोरून ग्रामसेवकांची मोटारसायकल पटांगणाकडे वळताना दिसली. मी खुर्ची उचलली, तालमीच्या दाराला टेकवून ठेवली आणि तिच्यावर बसलो. पूर्वी बसायचो तसा, पाय पसरून. ते उतरले, आवाज त्यांनाही आला असणार. "जमादार, काय चाललंय आत?"

मागे पहारींचा आवाज थांबला. ग्रामसेवक उत्तराची वाट बघत होते आणि पटांगणाच्या पलीकडे कुंपणाशी मुक्ताबाई उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, "बसा ना साहेब. आधी—"